वाणातली मोटार

ये, इकडं ये. अशी जवळ सरकून बस. दारात पाव्हण्यावानी काय उभी राहिलीस? म्हणजे तू दारात नाहीस, नांदेडला तुझ्या घरी आहेस, हे मला कळतं. पण समोर माणूस बसवल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. शाळा मी पाहिली चौथीपर्यंत, पुढचं सगळं किराणा बांधून आलेल्या कागदांवर वाचून शिकले. तेव्हा बस, आणि आधी थोडं ऐकून घे. सख्ख्या मावशीबद्दल कुणी काहीबाही सांगावं आणि तू ते पदरात बांधून न्यावंस, एक फोन करून विचारावंसं वाटू नये, ही कुठली रीत? "मावशीनं अधिकात जावयाच्या ताटातलं वाण हिसकावून घेतलं," असं कुणीतरी लग्नाच्या मांडवात बोललं आणि तू म्हणे मान हलवलीस. मान काय, पोळ्याचा बैलसुद्धा हलवतो.

वाण ताटातून परत घेतलं, हे खरं आहे. पण घेणारी मी नव्हे. मी घेतलं असतं तर मीच तुला फोन करून सांगितलं असतं, मला कसली आलीय लाज. घेतलं तुझ्या काकांनी. आता वाटलं ना नवल? मलाही वाटलं होतं.

तुझ्या काकांची सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर, वीजघरात गेली. रिटायर झाल्यावर जिंतूरला घर बांधलं. रिटायर झालेला पुरुष म्हणजे मे महिन्यातला कूलर, आवाज लय आणि गारवा कमी, असं बाकीच्या बाया सांगतात. आमच्याकडं आवाजसुद्धा नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बसस्टँडपर्यंत चक्कर. मला ते बरं होतं. मग पोरीच्या घरी पुण्याला दिवाळीला गेलो आणि तिथं सगळा घोटाळा झाला.

आमच्या जावयाला एक नाद आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, त्याबद्दल देवाचे आभार मानावेत असं पोरगी म्हणते. घरात तीन खोल्या, त्यातली एक ह्या नादाला दिलेली. आम्ही दोघं आणि आमच्या बॅगा हॉलमध्ये गादीवर, आणि त्या खोलीत ऐसपैस पसरलेला लाकडी रस्ता. रस्त्याला मधोमध खाच. खाचेच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याची पट्टी, तिच्यातून वीज जाते. त्यावर वीतभर मोटार ठेवायची. मोटारीच्या पोटाखाली एक जीभ असते, ती खाचेत जाते, आणि जिभेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारांच्या बारीक वेण्या असतात, त्या पट्टीवरून वीज चाटत जातात. ह्याला म्हणायचं स्लॉट कार. हातात पिस्तुलासारखं एक यंत्र धरायचं, त्याचा घोडा दाबला की मोटार पळते, सोडला की थांबते. वळवायचं काम नाही, खाच नेईल तिकडं जायचं. म्हणजे घाण्याचा बैलच, फक्त तेल निघत नाही.

आणि हे खेळायला कोण येतं? पोरं असतील असं मला वाटलं होतं. बाई, पोटं सुटलेले, दाढ्या पिकलेले, मोठमोठ्या पगाराचे बाप्ये. त्यांचा क्लब आहे. क्लबाला नियम आहेत. कुणाची मोटार किती जड, कुणाचं टायर किती रुंद, ह्यावर ते असे भांडत होते की आमच्याकडं बांधावरून इतकं भांडत नाहीत. त्यातही जुन्या वळणाच्या मोटारींचा मान मोठा. लांब नाकाच्या, तारांच्या चाकांच्या, डोक्यावर छत नसलेल्या, कधीकाळी परदेशात शर्यतीत पळालेल्या. खरी मोटार दारात उभी, ती धुवायला माणूस लावलेला. आणि खोटी मोटार स्वतःच्या रुमालानं पुसायची.

तुझे काका त्या सगळ्यांच्या मागं वेफर्सची बशी धरून उभे होते. पोरीनं बशी हातात दिली होती, ती ठेवायला जागाच नव्हती. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "मला बी एकदा द्या की हातात." जावई मागं न बघता बोलला, "बाबा, तुम्ही बघा ना. हे जरा नाजूक असतं."

ज्या माणसाच्या हातानं येलदरीची जनित्रं चालू झाली आणि बंद झाली, त्याला सांगतोय नाजूक असतं. मी आतून ऐकलं, गिळलं. हेही गिळून बसले. परतीच्या गाडीत जालन्याला चहा घेतला. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "मी एक बनवतो."

"काय?"

"गाडी. जुन्या वळणाची, हातानं. येत्या अधिकात जावईबापूला वाणात देऊ. मंग तेच म्हणतील, बाबा, घ्या, तुमीच चालवा."

आता तुला कळलं ना, ह्या सगळ्यात काय होतं ते? जावयानं एकदा आपल्या हातानं ते पिस्तूल ह्यांच्या हातात द्यावं, एवढंच. एवढ्यासाठी म्हाताऱ्यानं घराचं वाटोळं केलं.

पुढचे कित्येक महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं. कुरियरवाला पार्सलं आणायचा; त्यात बोटाएवढी मोटर, बोराएवढी दातेरी चाकं, टायरं, आणि त्या तांब्याच्या वेण्या. पितळी पट्ट्या डाख देऊन जोडून ह्यांनी सांगाडा केला. वरचं अंग मात्र विकतचं नको म्हणाले. बाभळीच्या लाकडाचा साचा कोरला आणि त्यावर पत्रा ठोकायला घेतला. पत्रा कुठला? ड्यूटीवर न्यायच्या डब्याची झाकणं. जर्मनचे डबे, आपण ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतो ना, तेच. डबे मी चटणीला काढून ठेवले होते. चटणी भरायला गेले तर डबे उघडे.

"झाकणं कुठायत?"

"गाडीत हायेत."

"मंग चटणी गाडीत भरू का?"

हसले नाहीत. ठकठक चालू. दुपारी गल्लीतल्या बाया विचारायच्या, घरात कासार बसवलाय का. मी सांगायची, हो, बसवलाय, बिनपगारी हाय.

समोरच्या जाळीला चहाचं गाळणं गेलं. नाकावरच्या पट्ट्याला मनगटी घड्याळाचा कातडी पट्टा गेला, तो कापून बारीक केला आणि त्याला सुईएवढं बक्कल. रिपिटांच्या, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा पत्र्यावर उठवायला बॉलपेनची संपलेली कांडी, आतून टोच टोच टोच. आरशाला पावडरच्या डबीतला आरसा फोडला. म्हणजे घरात आरसा फोडायचा नाही हे सुद्धा विसरले. चालवणारा माणूस बसवला, त्याचं डोकं एम-सीलचं, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात रुमाल. त्याचा चेहरा गुलाबी रंगवत होते. मी म्हटलं, ह्याला उन्हात काम नसंल. तर म्हणतात, "इटलीतला हाय."

"इटलीतला हाय मंग जिंतूरला कामून आला?"

"तू जरा चहा कर."

"गाळणं द्या, करते."

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपले लोक छाती फुगवून म्हणतात. त्यात नक्की कशाची बरोबरी आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. ह्यांनी मात्र ते खरं मानलं. फोनवर जर्मनीतल्या कुणा म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघायचे, तो काही बोलला की मान डोलवायचे. भाषा कळत नाही, तरी डोलवायचे.

हे सगळं मी सहन केलं. पण खरा वेडेपणा पुढंच होता. मोटार झाली, चांगली झाली, मी म्हणते ना. पत्रा चंदेरी, नाक लांब, चाकांना सायकलच्या ब्रेकच्या वायरीतले धागे ओवलेले. दारावर लाल रंगात आकडा. मला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी बघते तर हे मोटारीला घाण लावत बसलेले.

खोटं सांगत नाही. जळकं ऑइल काडीनं बिजागरीपाशी लावायचं, ओघळ आल्यासारखं. धुराड्याच्या तोंडाला दिव्याची काजळी. कोऱ्या चहाचं पाणी आटवून त्याचे डाग. रानातली काळी माती आणून, वाळवून, माझ्या पुरणाच्या चाळणीतून, हो, पुरणाच्या, चाळून, ती रंगात कालवून चाकांच्या मागं शिंतोडे. आकडा घासून अर्धा पुसट केला. नव्या पत्र्यावर ब्लेडनं ओरखडे काढले, एक एक, जीव ओतून.

मी म्हटलं, "अहो, जन्मभर मी ह्या घरातला गंज काढला. तुमी आता बसून गंज लावायलाव?"

"असं करावं लागतं. जुनी दिसाया पायजे. पळालेली दिसाया पायजे."

"पळवा ना मंग खरोखर. दोन वर्सं पळवा, आपोआप मळंल."

"अधिक मास थांबतो का?"

मी पुरणाची चाळणी धुवायला नेली. पण तू मला सांग, ज्यांच्या अंगाला कधी माती लागली नाही, त्यांनी माती विकत आणून खोट्या मोटारीला लावायची आणि लांबून बघून 'वा' म्हणायचं, ही श्रीमंती म्हणायची की भिकार लक्षण? आमच्या काळात नवी लुगडी जुनी दिसू नयेत म्हणून आम्ही जिवाचं रान केलं. पुण्याची माणसं नव्याचं जुनं करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. कापसाच्या मोसमात मानवतच्या बाजारातून एक फेरी मारली असती तर फुकट मळून आली असती.

घरात आणखी एक माणूस आहे, आक्का. माझी थोरली नणंद. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. अशी साधी बाई की तिला खोटं बोललेलं कळत नाही, आणि टोमणा मारला तर ती त्याचं उत्तर विचार करून देते. आमच्या तिघांत अधिक मास खरा मानणारी तीच. जावई नारायण आणि लेक लक्ष्मी, हे आपण म्हणायला म्हणतो. आक्का खरंच तसं बघते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात अनारसे आणि पेटता दिवा ठेवून वाण द्यायचं. ते ताट, तो दिवा, सगळं तिच्या अखत्यारीत. मी नुसती तळायला.

जावयानं यायचं कबूल केलं. मुक्काम जालन्याच्या हॉटेलात, आमच्याकडं नाही, संध्याकाळी परत. आमच्याकडं एसी नाही आणि त्यांना कूलरच्या हवेनं सर्दी होते. लग्न झाल्यापासून हा माणूस आमच्या घरात एक रात्र झोपलेला नाही. तरी हे खूश. चौरंगावर फळी टाकून ह्यांनी घरीच एक छोटा रस्ता केलेला होता, एक लंबगोल आणि एक अवघड वळण, दोन खाचा आणि दोन पिस्तुलं. त्यावर मोटार पळवून पळवून बघितली. वेगात सोडली की वळणावर उडायची आणि कपाटाखाली जायची. मग पोटात शिशाचे तुकडे चिकटवले, टायरं पॉलिश पेपरवर घासून गोल केली. शेवटी शेवटी ती अशी चिकटून जायची की, खरं सांगते, मीही एकदा भाजी चिरता चिरता थांबले. त्यांना कळू दिलं नाही.

वाणाच्या दिवशी सकाळी मी अनारसे तळत होते. ह्यांनी मोटार पुसून, तेल देऊन, आक्काच्या तांब्याच्या ताटात नेऊन ठेवली, म्हणजे ऐन वेळी विसरायला नको. आणि गेले आंघोळीला.

आक्का भांडी घासायला मोरीवर बसलेली. वाणाची भांडी ती दुसऱ्या कुणाला घासू देत नाही. ताट घेतलं, निरांजन घेतलं, तांब्या घेतला. ताटात मोटार. आता तिच्या डोळ्यांनी बघ. जावयाला द्यायची वस्तू, नारायणाला द्यायची, आणि तिच्यावर काजळी, चिखल, तेलाचे डाग, आकडा खरवडलेला. भाऊ बिचारा राबराब राबला आणि शेवटी हात पुरला नाही, असंच तिला वाटलं. तिनं चिंच भिजवलेली होतीच. चिंच, मीठ आणि चुलीतली राख. भावाच्या हातची वस्तू म्हणून जास्त मन लावून घासली. रिपिटांच्या रांगांत नारळाची शेंडी फिरवली. वरून स्वच्छ पाणी ओतलं, उलटी करून पाणी झटकलं, पदरानं पुसली आणि धुतलेल्या ताटात परत ठेवली.

हे आंघोळ करून आले तर ताटात मोटार लखलख करत होती. जर्मनच्या नव्या वाटीसारखी. आकडा नाही, काजळी नाही, माणसाचा गुलाबी चेहरा राखाडी झालेला आणि चष्मा गेलेला.

"किती मळली होती रं भाऊ," आक्का म्हणाली. "तुला दिसत न्हाई का आजकाल? मी काढली सगळी घाण."

मी झारा हातात धरून दारात उभी. मला वाटलं आता ह्या घरात जन्मात पहिल्यांदा आरडाओरडा होणार. ह्यांनी मोटार उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "चांगली निघाली."

"चिंचेनं निगतंच," आक्का म्हणाली.

तेवढ्यात पोरीचा फोन, मंठ्याच्या पुढं आलोय. ह्यांनी मोटार उन्हात ठेवली, नळीनं फुंकर मारली, चाक बोटानं फिरवून कानाशी धरलं. आत राख करकरत होती. उघडून धुवायला वेळ नव्हता. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आता देऊ का नको?"

आता मला सांग, सहा महिने ज्या वस्तूला मी शिव्या घातल्या, ती देऊ नका म्हणायची ही चांगली संधी होती. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "द्या की. चिखल तर गेला. निदान माणसात बसल्यावाणी दिसायलीय."

जावई आला. पांढरी पँट, गॉगल, हातात पाण्याची स्वतःची बाटली. आमचं पाणी चालत नाही, येलदरीच्या धरणाचं. आक्कानं पाय धुतले, ओवाळलं, नमस्कार केला. त्यानं पाय मागं घेतले नाहीत, फोन बघत होता. पोरगी माझ्याकडं बघून बळंच हसली.

जोडीनं वाण दिलं. वस्त्र बाजूला केलं, अनारशांच्या मधोमध मोटार. जावयानं गॉगल वर केला, आणि त्याचा चेहरा, खोटं कशाला बोलू, एक घडी खुलला. "अरे वा. मेटल बॉडी? तुम्ही केली?"

"व्हय," हे म्हणाले. एवढंच. पण तो 'व्हय' मी लग्नात सुद्धा इतका गोड ऐकला नव्हता.

मग त्यानं ती उलटी केली. बाजारात बैलाचे दात बघतात तशी बघायला लागला. मोटर कुठली टाकली, ही आमच्या वर्गात चालत नाही. चाकांची रुंदी जास्त झाली. पितळी सांगाडा जड झाला. आणि वर बघत म्हणाला, "पण बाबा, वेदरिंग केलंच नाहीत? व्हिंटेज गाडी अशी कोरी नसते. हे तर स्वयंपाकघरातल्या डब्यासारखं दिसतंय."

ह्यांनी आक्काकडं बघितलं सुद्धा नाही. म्हणाले, "राहून गेलं."

मला वाटलं तोंड उघडावं. मी उघडणारच होते, पण आक्काच मधे बोलली. तिला काय कळलं तर जावईबापू विचारतायत की गाडी इतकी स्वच्छ कशी. कौतुकच समजली ती. "मी घासली," म्हणाली. "लय मळली होती. चिंच आन् राख."

जावई हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. हसू द्यावं, कुणालाही आलं असतं, मलाही पुढं दोन दिवसांनी आलं. पण त्यानं फोन काढला. आक्का पोरीची आत्या, पण हा तिला आजीच म्हणतो. "आजी, परत सांगा ना एकदा. कशानं घासली?"

आक्कानं पदर सावरला. फोटो काढताना सावरतात तसा. "चिंचेनं," म्हणाली.

"कशी घासली ते दाखवा ना."

तिनं हातानं दाखवलं, अशी, नारळाच्या शेंडीनं, कोपऱ्यात अशी. त्याचे खांदे हलत होते. "थांबा, आवाज नीट नाही आला. क्लबच्या ग्रुपवर टाकतो, सगळे वेडे होतील. आजी, परत एकदा, पहिल्यापासून."

आणि ती परत पहिल्यापासून सांगायला लागली. खुशीत. तिला वाटलं नारायण प्रसन्न झाला. पाटावर बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ना, ते बघायला तू हवी होतीस.

तुझे काका उठले. ताटाजवळ वाकले, आणि जावयाच्या मांडीवरची मोटार उचलून घेतली. मला वाटलं चालवून दाखवणार. त्यांनी ती आक्काच्या हातात दिली.

"ही आक्काची हाय," ते म्हणाले. "चुकून ताटात आली. बाकीचं वाण तुमचं."

अधिकाचं वाण, दिवा पेटलेला, आणि सासरा ताटातली वस्तू परत घेतो. असं कुणाच्या घरी झालेलं मी ऐकलेलं नव्हतं. आक्का तर घाबरूनच गेली, "रं भाऊ, असं करू न्हाई, नारायणाचं हाय."

जावई म्हणाला, "अहो बाबा, मी गंमत करत होतो."

"तुमी करा," हे म्हणाले. "मी न्हाई करायलो. आन् फोनातलं ते पुसा."

आवाज चढलेला नव्हता. वीजघरात रीडिंग सांगायचे तसाच आवाज. मग पोरीनं, जी आल्यापासून नुसती बळंच हसत होती, त्याच्या हातातून फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला. माझी पोरगी आहे ती, तेवढं लिहून ठेवते.

जेवायला बसले. जावई रुसलेला. पण रुसून सुद्धा धोंडे मागून मागून खाल्ले, तूपही घेतलं. रुसायचं तर पोटानं तरी रुसावं माणसानं. ऊन उतरायच्या आत निघून गेले. अनारसे मात्र बांधून नेले, वस्त्रं नेली, तांब्याचं ताटसुद्धा नेलं. आणि अधिक सरल्यावर पहिल्याच लग्नाच्या मांडवात विहीणबाईंनी सांगितलं की सासूनं वाण हिसकावलं. सासू म्हटलं की लोकांना पटतं लवकर. तुलाही पटलं.

जावयाचा नंतर ह्यांना एक मेसेज आला. सॉरी बाबा, आणि खाली हात जोडलेले पिवळे. बोलायला तोंड नाही, हात जोडायला चित्र. ह्यांनी तो वाचला आणि 'ठीक' असं लिहून पाठवलं. त्यावर पुढं काही आलं नाही. पोरगी रोज फोन करते, नागपंचमीला एकटी येते म्हणाली. जावयाचं विचारलं तर "बरे आहेत" म्हणते. ह्यांना त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही. फोन वाजला की आधी बघतात कुणाचा आहे, मग मला देतात. त्या खोलीत त्या दाढीवाल्यांच्या मधे उभं राहून आपणही घोडा दाबावा, हे म्हाताऱ्याच्या मनात होतं, आणि ते आता होणार नाही. त्यांनीच आपल्या हातानं मोडलं. मी त्यांना खूप गोष्टींवरून बोलले आहे आजवर, पुढंही बोलणार आहे. ह्याच्यावरून एक अक्षर बोललेली नाही.

मोटार ह्यांनी दुसऱ्याच दिवशी उघडली. पेट्रोलनं राख धुतली, नव्या वेण्या बसवल्या. आक्का दोन दिवस तिला हात लावेना, वाणाचा दोष लागेल म्हणून. मग ह्यांनी तिला समजावलं की तुझी आहे म्हणजे तुझीच आहे, पळवायलाही तूच पाहिजेस. आता दुपारी दोघं भावंडं त्या फळीशी बसतात. आक्काच्या हातात पिस्तूल. वळण आलं की ती घोडा सोडून देते, मोटार थांबते, मग हळूच पुढं नेते.

"आक्का, दाब की, कामून सोडलं?"

"त्याला चक्कर यील की रं," ती त्या राखाडी तोंडाच्या माणसाकडं बघून म्हणते.

ह्यांनी स्वतःसाठी दुसरी करायला घेतली आहे. ह्या वेळी लागलेला पत्रा कुठून आला हे मी विचारलेलं नाही, भांडीही मोजलेली नाहीत. ते खूळ मला अजूनही खूळच वाटतं, आणि वीतभर मोटारीसाठी टेबल अडवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काही बदललेलं नाही. पण टेबलावरून उठा असं म्हणणंही मी सोडून दिलं आहे. आम्ही खाली बसून जेवतो. गुडघे दुखतात, पण जेवतो.

तर हे असं झालं. आता दुसऱ्याचं ऐकून मान हलवण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ये. नांदेडहून परभणीला रेल्वेनं, तिथून जिंतूरला यष्टी हर घडीला आहे. स्टँडवर उतरलीस की फोन कर, काका घ्यायला येतील. पंचमीच्या आधी आलीस तर बरं, पोरगी आली की मला तुझ्याशी धड बोलायला फुरसत होणार नाही. मुक्कामाला ये. कूलर तुझ्या खाटेकडं वळवून ठेवते. आक्का कालच विचारत होती, ती नांदेडची पोरगी कामून येईना गेली. मी तिला सांगून टाकलंय की येतीये म्हणून, तेव्हा आता मला खोटं पाडू नकोस.